बुरशीनाशक मारूनही भाताच्या लोंब्या पांढऱ्या-काळ्या पडतात? या क्रमाने तपासा

भाद्रपद सरत आला की माझ्या फोनवर लोंब्यांचे फोटो यायला लागतात. पाठवणारे बहुतेक जण ठाणे, कळवा, डोंबिवली, ऐरोलीत राहणारे असतात आणि त्यांची शेती मुरबाड, शहापूर नाहीतर अंबरनाथ तालुक्यात असते. फोटोखालचा मजकूर दरवर्षी तोच. "काका, दोन हात मारले औषधाचे, तरी लोंब्या पांढऱ्याच. औषध डुप्लिकेट निघालं का?"

माझं अडीच एकर भात सरळगावच्या बाजूला आहे. वागळे इस्टेटमध्ये नोकरी होती तोवर मीही शनिवार-रविवारचाच शेतकरी होतो, आणि पहिले तीन हंगाम मी याच रोगाला दिले. तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी तोरणाला लोंब्या काढायला आई माझ्याबरोबर खाचरात आली. ती एकेक लोंबी तळहातावर घ्यायची, वजन बघायची आणि सोडून द्यायची. भरलेली लोंबी वाकते. आमच्या ताठ उभ्या होत्या. अख्खा बांध चालून झाला तरी एका तोरणापुरत्या लोंब्या मिळाल्या नाहीत. ती काही बोलली नाही, शेजारच्या खाचरातून मागून आणल्या. त्यानंतर मी हा रोग नीट शिकलो. आजवर आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या बऱ्याच खाचरांत जाऊन हेच तपासलं आहे. औषधच नकली होतं असं फार क्वचित निघालं. बहुतेक वेळा औषध उशिरा पडलेलं असतं, भलत्याच रोगावर पडलेलं असतं, नाहीतर लोंबीपर्यंत पोचलेलंच नसतं.

आधी लक्षणं नीट बघा

मानमोडी, म्हणजे लोंबीवरचा करपा, ओळखायचा तो मानेवर. पोटरीच्या, म्हणजे लोंबी आत असताना फुगलेल्या आवरणाच्या, पानातून लोंबी जिथे बाहेर पडते, तिथलं पेर तपकिरी-काळं होतं, आक्रसतं आणि लोंबी तिथूनच मोडून लोंबकळते. दाणा भरायच्या आधी मान गेली तर सगळी लोंबी पांढरी पडते. दाण्यात चीक भरल्यावर गेली तर अर्धेमुर्धे दाणे भरतात आणि गिरणीत तांदळाचा चुरा होतो. अशा खाचरात पानांवरही बहुधा खुणा असतात. दोन्ही टोकांना निमुळते डाग, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी, होडीच्या आकाराचे.

आभासमय काजळी वेगळी दिसते. लोंबीतल्या मोजक्याच दाण्यांच्या जागी मखमली गोळे येतात. आधी पिवळे-नारिंगी, नंतर काळपट हिरवे. हात लावला की बोटाला भुकटी लागते. बाकीची लोंबी बऱ्याचदा चांगली असते.

लोंबी अर्धी आत, अर्धी बाहेर अडकली असेल आणि तिच्याभोवतीच्या पोटरीच्या आवरणावर तपकिरी चट्टे असतील तर तो पर्णकोष कुजव्या.

ही तिन्ही दुखणी बुरशीची. आता बुरशीची नसलेली, पण लोक ज्यांच्यावर बुरशीनाशक मारत बसतात ती सांगतो. लोंबी पूर्ण पांढरी, ताठ, आणि मान मात्र स्वच्छ, असं असेल तर तो खोडकिडा. आमच्याकडे याला पळींज म्हणतात. दाण्यांवर तपकिरी ठिपके, दाणे पोचट, आणि सकाळी खाचरात शिरलं की उग्र वास, तर लोंबीवरचा ढेकण्या. तो दाण्यातला चीक शोषतो. पानाची कड टोकापासून नागमोडी पिवळी-पांढरी होत खाली येत असेल तर कडा करपा. नावात करपा असला तरी तो जीवाणूचा रोग आहे, बुरशीचा नाही.

पहिली तपासणी: लोंबी ओढून बघा (खर्च शून्य)

खाचराच्या मधून, एका कोपऱ्यातून नव्हे, पाच-सहा ठिकाणच्या पांढऱ्या लोंब्या धरा आणि वर ओढा. लोंबी अलगद हातात आली तर तिचं बूड बघा. कुरतडलेलं असेल, खोडाला भोक असेल, खोड चिरल्यावर आत भुसा नाहीतर पिवळसर अळी असेल तर खोडकिडा. अळीनेच आतून कापल्यामुळे लोंबी सुटून येते. मानमोडीची लोंबी ओढून सुटत नाही. तिला वरून झटका दिला तर मानेपाशी मोडते.

ही तपासणी पहिली ठेवतो, कारण इथेच निम्मे फोन संपतात. शेजारच्या गावातल्या एका भाच्याने एकाच हंगामात तीन वेळा बुरशीनाशक मारलं होतं. मी गेलो, दहा लोंब्या ओढल्या, आठ हातात आल्या. तो बांधावर बसून गप्प बघत राहिला. तीन वेळचं औषध, मजुरी आणि मुरबाडच्या खेपा, सगळं अळीच्या दुखण्यावर गेलं होतं.

कडा करप्याची शंका असेल तर घरचा पेला घ्या. स्वच्छ पाणी भरा. रोगट पानाचा हिरवा आणि पिवळा भाग जिथे मिळतो तिथला तुकडा कात्रीने कापा आणि कापलेलं टोक पाण्यात बुडवून पेला उजेडाकडे धरा. काही मिनिटांत टोकातून दुधट धागा खाली उतरताना दिसला तर तो जीवाणू. त्यावर कुठलंही बुरशीनाशक काम करणार नाही. युरिया थांबवा, खाचरातलं पाणी बदला आणि कृषी सहाय्यकाला दाखवा.

दुसरी तपासणी: तारीख (खर्च शून्य, पण चूक बहुतेक इथेच असते)

फवारणी कोणत्या तारखेला केली आणि त्या दिवशी पीक कुठल्या अवस्थेत होतं, हे दोन्ही एका कागदावर लिहा. आठवत नसेल तर दुकानाच्या पावतीवर तारीख असते.

हे का महत्त्वाचं, ते करप्याची बुरशी आत कशी शिरते ते कळलं की लक्षात येतं. बुरशीचा कण मानेवर पडतो, दवाच्या पाण्यात रुजतो आणि एक बारीकशी घुमटी तयार करतो. त्या घुमटीत गाडीच्या टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीसपट दाब तयार होतो आणि त्या दाबाने बुरशी आपली सुई भाताच्या कातडीत घुसवते. एवढा दाब धरून ठेवायला घुमटीला काळा रंगद्रव्याचा थर लागतो. आपण सर्रास मारतो ते ट्रायसायक्लॅझोल हा काळा थर होऊ देत नाही. थर नाही म्हणून दाब नाही, आणि दाब नाही म्हणून बुरशी आत जात नाही. म्हणजे हे औषध दारावरच्या राखणदारासारखं आहे. बुरशी एकदा आत शिरली की ते बिनकामाचं. मान काळी दिसली म्हणजे बुरशी आत जाऊन काही दिवस झाले. त्यानंतर मारलेलं औषध फार तर शेजारची मान वाचवतं, गेलेली परत आणत नाही.

आभासमय काजळीत तर याहून आधी जावं लागतं. तिची बुरशी लोंबी पोटरीत असतानाच फुलोऱ्यात शिरते. गोळे दिसायला लागेपर्यंत काम संपलेलं असतं. गोळे बघून दुकानात धावणं हा शुद्ध खर्च.

म्हणून वेळा अशा धरा. पोटरी फुगली आहे, पण एकही लोंबी बाहेर नाही, ही काजळीची वेळ. शंभर चुडांमागे (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुड्यांमागे) चार-पाच ठिकाणी लोंबीचं टोक डोकावायला लागलं, ही मानमोडीच्या पहिल्या हाताची वेळ. दुसरा हात त्यानंतर साधारण दहा-बारा दिवसांनी, लोंब्या पूर्ण निसवल्यावर, म्हणजे बाहेर पडल्यावर. पोटरी ओळखता येत नसेल तर जाडसर दिसणारा एक फुटवा ब्लेडने उभा चिरा. आत बोटभर पांढरट-हिरवी लोंबी दिसेल.

तारखेचा अंदाज घरबसल्याही काढता येतो. भात निसवल्यापासून पिकायला साधारण ३० दिवस लागतात. म्हणजे ११५ दिवसांचं हळवं (लवकर पिकणारं) वाण १० जूनला राबावर (रोपवाटिकेत) पेरलं असेल तर ते ३ सप्टेंबरच्या आसपास निसवेल, आणि पोटरीची फवारणी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात येते. निमगरवं (मध्यम मुदतीचं) असेल तर ते जितके दिवस जास्त घेतं तेवढे दिवस पुढे. पाऊस लांबून आवण (लावणीची रोपं) राबातच जास्त वयाचं झालं असेल तर हा हिशोब चार-आठ दिवस सरकतो, तेव्हा शेवटचा निर्णय पोटरी चिरूनच घ्यायचा.

आता ठाण्या-नवी मुंबईत राहणाऱ्यांची खरी अडचण. आपण फवारणी पिकाच्या वेळेला करत नाही, सुट्टीच्या वेळेला करतो. गणपतीला गावी आलो की पंप काढायचा, ही आपली पद्धत. पण गणपती पंचांगाने येतात आणि हळवं भात पेरणीच्या तारखेने निसवतं. २०२३ साली गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, २०२४ ला ७ सप्टेंबरला आणि २०२५ ला २७ ऑगस्टला. तीन वर्षांत तीन आठवड्यांहून जास्त फरक. त्याच पेरणीच्या भाताला एका वर्षी गणपतीतली फवारणी अगदी वेळेवर पडते आणि दुसऱ्या वर्षी तीच फवारणी मानमोडी सुरू झाल्यावर पडते. मग आपण म्हणतो, "गेल्या वर्षी याच औषधाने फरक पडला होता, यंदा औषधात भेसळ आहे."

याला उपाय साधा आहे. गावात राहणाऱ्या कुणाला तरी, वहिनी, काका, शेजारचा मुलगा, ऑगस्टच्या मध्यापासून दर दोन दिवसांनी एक पोटरी चिरून फोटो पाठवायला सांगा. टोक दिसलं की मधल्या वारी रजा टाका, नाहीतर मजुरी देऊन गावातल्या माणसाकडून फवारून घ्या. रविवारची वाट बघितली तर कधी कधी पाच-सहा दिवस जातात, आणि मान बाहेर पडतानाचे ते पाच-सहा दिवसच जपायचे असतात.

तिसरी तपासणी: पंप, नोझल आणि पाणी

तारीख बरोबर निघाली तर पंपाकडे या. एकराला साधारण २०० लिटर पाणी पडायला हवं. एकराचे गुंठे ४०, म्हणजे गुंठ्याला ५ लिटर. १६ लिटरचा पंप जेमतेम तीन गुंठे पुरतो. आणि आमच्याकडे दहा गुंठ्यांच्या खाचराला एक पंप मारतात! तीनऐवजी एक. औषध एका पंपाच्या मापाचं टाकलं असेल तर पिकाला एक तृतीयांशच मिळालं. तीन पंपांचं औषध एकाच पंपात ओतलं असेल तर मात्रा पूर्ण, पण थेंब मोजके, आणि निम्म्या माना कोरड्याच राहिल्या.

घरी मोजून बघा. पंपात साधं पाणी भरा, नोझल मापाच्या भांड्यात धरा आणि घड्याळ लावून एक मिनिट चालवा. समजा ६०० मिली पडलं. दहा गुंठ्यांना ५० लिटर द्यायचं तर ८३ मिनिटं लागतील, जवळजवळ दीड तास. तुम्ही पंचवीस मिनिटांत बांधावर परत येत असाल तर तुम्ही फवारणी केलेली नाही, शिंपडून आलात.

नोझल हातात घेऊन बघा. तणनाशकाला वापरतात तो पंख्यासारखी सपाट धार पाडणारा नोझल तसाच राहिलेला असतो. त्याचे थेंब मोठे पडतात, आणि भाताच्या पानावर मेणाचा थर असल्यामुळे ते घरंगळून खाचरात जातात. बुरशीनाशकाला गोल, पोकळ शंकूसारखा बारीक फवारा पाडणारा नोझल हवा. त्याची चकती झिजून भोक मोठं झालं असेल तर बदला. खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक मी इथेच पडताना बघितला आहे. तणनाशक मारलेला पंप साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा, नळी आणि नोझलसकट, धुवून काढल्याशिवाय पोटरीतल्या भातात नेऊ नका.

पाणी ओढ्याचं किंवा खाचरातलं गढूळ वापरू नका. गाळाने जाळी तुंबते आणि औषधाचा काही भाग मातीच्या कणांनाच चिकटून राहतो. विहिरीचं नाहीतर बोअरचं स्वच्छ पाणी घ्या आणि चिकट द्रव्य लेबलवरच्या मापाने घाला.

फवारा लोंबीपर्यंत पोचतो की नाही, याची एक सोपी खूण आहे. वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या पाच-सहा चुडांना मानेच्या उंचीवर बांधा आणि फक्त पाणी भरून नेहमीच्या चालीने फवारत जा. लगेच परत येऊन पट्ट्या बघा. दाट बारीक ओले ठिपके दिसले तर ठीक. कोरड्या निघाल्या तर चाल कमी करा आणि नोझल लोंब्यांच्या जवळ धरा.

चौथी तपासणी: पुडीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय

मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीने ठेवलेलं असतं. खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव आणि टक्केवारी असते. ते वाचा. एका वर्षी मी दुकानात "लोंबीवर काळं पडलंय" एवढंच सांगितलं आणि दुकानदाराने ट्रायसायक्लॅझोल दिलं. माझं दुखणं काजळीचं होतं. ट्रायसायक्लॅझोल करप्यावर उत्तम, पण काजळीवर त्याचा उपयोग नाही. नमुना सोबत न नेणं ही माझी चूक होती. आता मी रोगट लोंबी कागदात गुंडाळून नेतो.

करप्याला मी काय वापरतो ते सांगतो. रोग यायच्या आधी ट्रायसायक्लॅझोल ७५ टक्के, लिटरला ०.६ ग्रॅम, म्हणजे १६ लिटरच्या पंपाला साधारण १० ग्रॅम. पानांवर होडीचे डाग आधीच दिसत असतील तर आयसोप्रोथायोलेन ४० टक्के, लिटरला १.५ मिली, पंपाला २४ मिली. ते झाडात शिरतं आणि नुकत्या सुरू झालेल्या रोगालाही थोडं आवरतं. काजळीला पोटरीत प्रोपिकोनॅझोल २५ टक्के, लिटरला १ मिली. दरवर्षी काजळी, मानमोडी आणि दाण्यांचा कळकटपणा असं सगळं एकत्र येत असेल तर ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन आणि टेब्युकोनॅझोलचं तयार मिश्रण, लिटरला ०.४ ग्रॅम. लेबलवरचं माप यापेक्षा वेगळं असेल तर लेबलचं धरा, आणि फवारणी ते कापणी किती दिवस सोडायचे तेही तिथेच लिहिलेलं असतं, ते पाळा. शेवटी तो तांदूळ आपल्याच घरात शिजतो.

"जरा जास्त टाकू" हा मोह टाळा. मात्रा वाढवून उशीर भरून निघत नाही. एकाच गटाचं, म्हणजे एकाच पद्धतीने काम करणारं, औषध वर्षानुवर्षं मारत राहिलं तर त्याला न जुमानणारी बुरशी उरते आणि वाढते, म्हणून दोन हातांना दोन वेगळ्या गटांची औषधं घ्या. बुरशीनाशक, कीटकनाशक, टॉनिक आणि युरिया एकाच पंपात ढवळणं बंद करा. बादलीत फाटल्यासारखं दिसलं, तळाशी गाळ बसला, तर ते पिकावर जाता कामा नये.

मुदत संपल्याची तारीख बघा, पक्की पावती घ्या, पुडी हंगाम संपेपर्यंत ठेवा. औषधाबद्दल खरंच शंका असेल तर पावती आणि बॅच नंबर असल्याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही.

पाचवी तपासणी: त्या दिवशीचं हवामान

फवारल्यावर तीन-चार तासांत जोराची सर आली असेल तर ती फवारणी गेली असं समजा. आपल्याकडे सप्टेंबरमध्ये दुपारनंतर ढग दाटतात, म्हणून लोक भल्या सकाळी सुरू करतात. तेव्हा पानावर दव असतं आणि औषध त्याच्याबरोबर ओघळतं. फुलोरा असेल तर सकाळी नऊ ते बारा भाताची फुलं उघडी असतात, तेव्हाही फवारा नको. हवामान खात्याचा अंदाज बघून उघडीप असलेल्या दिवशी दुपारी तीननंतर मारलेलं मला सगळ्यात चांगलं लागू पडलं आहे. वारा असेल तर थांबा.

सहावी तपासणी: युरिया आणि सावली

वरचं सगळं बरोबर असूनही रोग येत असेल तर खाचराचा नकाशा काढा. कागदावर चौकोन काढून रोगट जागा पेन्सिलने रंगवा. माझ्या खाचरात दोन ठिपके दरवर्षी तिथेच यायचे. एक पूर्वेच्या बांधावरच्या आंब्याच्या सावलीत, दुसरा युरियाची गोणी उघडून वाटणी करायचो तिथे. करप्याच्या बुरशीला पानावर रात्रभर टिकणारा ओलावा हवा असतो. सावलीत दव दहा-अकरा वाजेपर्यंत सुकत नाही. माळशेजच्या पायथ्याच्या गावांमध्ये, टोकावड्याच्या बाजूला, सकाळचं धुकं असतं तेव्हा हा त्रास जास्त. आंबा तोडायची गरज नाही; पावसाआधी खालच्या फांद्या छाटल्या तरी ऊन आत येतं.

युरियाचं असं आहे की जास्त नत्राने पान गडद हिरवं, लुसलुशीत आणि लांब होतं, खाचर बघून मन भरतं, आणि बुरशीलाही नेमकं तेच हवं असतं. कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे हळव्या-निमगरव्या भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, म्हणजे एकराला ४० किलो. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणून सगळं नत्र युरियातूनच दिलं तर एकराला साधारण ८७ किलो, ४५ किलोच्या दोन गोण्यांहून थोडं कमी, तेही तीन हप्त्यांत. शेवटचा हप्ता लहान असतो. बरेच जण गणपतीला आल्यावर "उरलेली गोणी संपवू" म्हणून पोटरीतल्या पिकाला मोठा डोस देतात. त्यानंतर आठ-दहा दिवसांत ढगाळ हवा आली की मानमोडी ठरलेली. पानावर करप्याचा डाग दिसत असेल तर राहिलेला हप्ता देऊ नका.

सातवी तपासणी: बी आणि वाण (पुढच्या वर्षीचं काम)

घरचंच बी वर्षानुवर्षं वापरत असाल आणि ते रोगट खाचरातलं असेल तर रोग तुम्ही राबातच पेरता. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात बी ओता, ढवळा. वर तरंगणारं पोचट बी काढून टाका. तळाचं बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा, सावलीत सुकवा आणि पेरण्याआधी किलोला २.५ ग्रॅम थायरम चोळा. काजळीचे गोळे असलेल्या लोंब्या बियाण्याला ठेवू नका, जनावरांपुढेही टाकू नका. रोगट पेंढा बांधावर कुजत ठेवण्यापेक्षा खाचराबाहेर न्या.

तरीही दरवर्षी तेच होत असेल तर वाण बदला. कर्जतचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आपल्याच हवेत भाताची वाणं तपासतं. करप्याला कमी बळी पडणारं, आपल्या जमिनीला आणि पाण्याला चालणारं वाण कोणतं, हे तिथे किंवा तालुका कृषी कार्यालयात मे महिन्यातच विचारा. जूनमध्ये विचारून उपयोग नसतो, तोवर बी संपलेलं असतं.

नाशिककडे गहू करणारे माझे साडू विचारतात, हा करपा गव्हाला लागतो का? गव्हाच्या ओंब्या पांढऱ्या करणारा करपा याच जातीच्या बुरशीचा, पण तिचा वेगळा प्रकार आहे. १९८५ मध्ये तो ब्राझीलमध्ये सापडला आणि २०१६ मध्ये बांगलादेशात पोचला. भातावरचा प्रकार सहसा गव्हावर जात नाही. पण वेळेचं गणित तिथेही असंच आहे. ओंबी बाहेर पडतानाच तिला जपावं लागतं.

कधी थांबायचं

दाणे चिकातून घट्ट व्हायला लागले असतील तर बुरशीनाशकावर आणखी पैसे घालू नका. माना मोडून लोंबत असतील तरीही थांबा. त्या वेळी दुकानदार, शेजारी, पाहुणे, सगळे एकेक औषध सुचवतात. ते पैसे कापणीच्या मजुरीला ठेवा, रोगट भाग वेगळा कापा, वेगळा झोडा आणि बियाण्यात मिसळू देऊ नका.

फवारताना डोकं गरगरलं, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला तर त्या क्षणी पंप खाली ठेवा. कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाची पुडी सोबत घेऊन सरळ सरकारी दवाखाना गाठा. "थोडं उरलंय, संपवून जाऊ" म्हणू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले. हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि वाऱ्याकडे पाठ, एवढं तरी पाळाच. गरोदर बाई आणि लहान मुलं खाचराच्या आसपासही नकोत.

आणि पुढीलपैकी काही असेल तर स्वतः अंदाज बांधत बसू नका, जाणकाराला बोलवा: लोंबी ओढूनही कारण कळत नाही, पेल्यात दुधट धागा दिसला, लक्षणं दोन-तीन प्रकारची एकत्र आहेत, वेळेवर आणि नीट फवारूनही दोन हंगाम लागोपाठ मानमोडी आली, किंवा आजूबाजूच्या पाच-सहा खाचरांत एकदम पसरतंय. गावच्या कृषी सहाय्यकाला फोन करा, नाहीतर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

नमुना न्यायचा असेल तर तो वाळलेला, संपूर्ण मेलेला नको. नुकती लक्षणं दिसायला लागलेली आठ-दहा रोपं मुळासकट उपटा, मुळांची माती झटका, आणि वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत घातलीत तर ती दोन दिवसांत सडतात आणि मूळचा रोग ओळखता येत नाही. त्याच कागदावर वाण, पेरणीची तारीख, युरिया कधी आणि किती दिला, कोणतं औषध कोणत्या तारखेला किती पाण्यातून मारलं, हे लिहा. मानमोडीचे नमुने सकाळी काढून त्याच दिवशी पोचवा.